नाव राहिलं

व्होल्टमीटरचा काटा दोनशे तीसवर स्थिर होता, आणि महादेवराव सांगत होते की व्होल्टेज पडलंय.

"आज काही जमणार नाही हो," असं म्हणत त्यांनी रेडिओच्या सेटवर फडकं टाकलं. "अकोल्याची वीज तुम्हाला ठाऊकच आहे. सेटला धोका नको. पुन्हा कधीतरी."

देवमननं काट्याकडे पाहिलं, मग महादेवरावांकडे. त्यांनीही काट्याकडे पाहिलेलं त्याला दिसलं होतं. दोघंही विजेचे इंजिनिअर होते. काटा दोघांनाही वाचता येत होता. तरीही ते बोलले, म्हणजे देवमनला काय वाटेल याची त्यांना पर्वा नव्हती. खोटं निदान नीट बोलावं, एवढाही मान त्यांना द्यावासा वाटला नव्हता.

पाचच मिनिटांपूर्वी हेच महादेवराव खुर्ची पुढे सरकवून म्हणाले होते, "बसा, बसा! तीन वर्षं तुमचा हात ऐकतोय, आज डोळ्यांनी पाहू द्या. माझ्या कळेवर बसा." तारघरात असते तशी पितळेची कळ होती ती, काळ्या एबोनाइटच्या बोंडाची. देवमन बसायला गेला आणि महादेवरावांनी सहज विचारलं, "वलगावचे म्हणालात ना? वलगावात वानखडे तीन ठिकाणी आहेत. तुम्ही कोणते?"

"डोमाजी वानखड्यांचा मुलगा. आम्ही बौद्ध."

त्यानंतर व्होल्टेज पडलं.

स्टेशनकडे चालताना देवमनच्या कानशिलात रक्त ठोके देत होतं, आणि सवयीनं तो त्या ठोक्यांची अक्षरं जुळवत होता. कुठलंच अक्षर जुळत नव्हतं. साल होतं एकोणसाठ. त्याच्या पिशवीत अमरावतीहून आणलेली मोर्शीची संत्री तशीच राहिली होती. बडनेऱ्याच्या गाडीत त्यानं ती समोरच्या बाईच्या पोरांना वाटून टाकली आणि एकही स्वतः खाल्लं नाही.

*

ही ठोक्यांची विद्या देवमनला बापाकडून मिळाली होती. डोमाजी लढाईत ब्रह्मदेशात होते, पलटणीच्या सिग्नलमध्ये. परत आले तेव्हा त्यांच्याजवळ एक लोखंडी पेटी, दोन कांबळी आणि मोर्सची लिपी एवढीच कमाई होती. वलगावात ती लिपी कोणाच्या कामाची? म्हणून त्यांनी ती पोराला दिली. जेवणाआधी पितळेच्या थाळीवर चमचा घेऊन बसायचे. डिट म्हणजे ठिपका, त्याला चमच्याचा नुसता ठोका; डॅश म्हणजे रेघ, तिला ठोकून चमचा थाळीवर ओढायचा. टक म्हणजे डिट, टर्रर्र म्हणजे डॅश. आई, भागीरथा, चुलीजवळून ओरडायची, "थाळीत भाकर वाढू का तार वाढू? एकदाचं सांगा दोघं!"

शाळेत देवमनला मागे बसवत. मागे बसून तो बाकावर बोटानं मास्तरांचं बोलणं मोर्समध्ये उतरवायचा. पुढे जबलपूरला इंजिनिअरिंगला गेला, तेव्हा इतर मुलं ज्या सर्किटांच्या आकृत्या वहीत काढत होती त्यांनी त्याची बोटं आधीच भाजली होती. लष्कराच्या भंगारातून आणलेल्या वाल्वचा सेट त्यानं वसतिगृहात बांधला, सरकारची परीक्षा दिली आणि छप्पन साली परवाना मिळवला. त्याच वर्षी डोमाजी नागपूरला जाऊन आले. घरातल्या दोघांनाही एकाच वर्षी नवीन नाव मिळालं, असं तो गमतीनं म्हणायचा. बापाला धम्माचं, त्याला आकाशातलं.

या परवान्याच्या लोकांना हॅम म्हणतात. स्वतःच्या हातानं सेट बांधायचा आणि जगभरच्या आपल्यासारख्याच वेड्यांशी बोलायचं, एवढाच त्यांचा उद्योग. पैसा नाही, धंदा नाही. सगळे एकमेकांना ‘ओल्ड मॅन’ म्हणणार, मग समोरचा वीस वर्षांचा असो की सत्तरचा. आपलं बोलणं संपलं की शेवटी ‘के’ हे अक्षर पाठवायचं: डॅश, डिट, डॅश. मी थांबलो, आता तू बोल. आणि आपल्या आकाशातल्या नावानं, म्हणजे परवान्यावरच्या अक्षरांनी, हाक आली तर ओ द्यायची. सवड नसेल तर ‘थांब’ म्हणायचं, पण ओ द्यायची. हा नियम कुठं छापलेला नाही, आणि तो कोणी मोडत नाही.

अक्षरं सगळ्यांची सारखी, पण हात प्रत्येकाचा वेगळा. सराव झाला की पहिल्या चार अक्षरांत माणूस ओळखू येतो, जिन्यावरच्या पावलांवरून घरचं माणूस ओळखू यावं तसा. अकोल्याच्या महादेवरावांच्या हातात एक ऐट होती. त्यांच्या ‘के’चा शेवटचा डॅश लांबायचा, गवयानं सम गाठून वर थोडं रेंगाळावं तसा. जबलपूरला असताना पहिल्यांदा तो डॅश ऐकला तेव्हा देवमन एकटाच हसला होता. हवेतून कोणीतरी वऱ्हाडी आपल्याशी बोलतोय! मग रोज सकाळी गप्पा. एरियल किती उंच बांधावी, कुठला वाल्व जळाला, सिलोनचा कोण आज लागला. देवमन वीज खात्यात लागला तेव्हा सगळ्यांत आधी अभिनंदन केलं ते महादेवरावांनी. ते स्वतः खात्यात वरच्या जागेवर, अकोल्याचे प्रमुख. ‘आता घरी या, ओल्ड मॅन’, हे वाक्य त्यांनी किती वेळा पाठवलं असेल.

देवमन गेला, तो असा.

आणि त्या दिवसापासून महादेवरावांनी ओ देणं बंद केलं.

सेट बंद केला नाही. सेट रोज चालू असायचा. रोज सकाळी तो लांबट डॅश सिलोनशी बोलायचा, डेहराडूनशी बोलायचा. देवमननं हाक मारली की तिकडे सामसूम. थोड्या वेळानं बँडवर, डायलच्या दुसऱ्या टोकाला, तोच डॅश पुन्हा सुरू. हवेत भिंत घालता येत नाही, तरी त्या माणसानं हवेतसुद्धा पाणवठा वेगळा केला होता.

"बंद कर त्याले हाका मारनं," डोमाजी म्हणाले. "नाई तं मंग शिव्या दे."

"तिथं शिव्या देता येत नाईत, बाबा. परवाना जातो."

"शिव्या देता येत नाईत? मंग कायचा छंद हाय बे हा!"

देवमननं हाका मारणं बंद केलं. पण ऐकणं त्याला बंद करता येईना. दाताच्या खळग्याकडे जीभ जावी तसा त्याचा हात रोज सकाळी डायलच्या त्याच जागी जायचा, आणि तो डॅश ऐकला की दिवसभर जबडा आवळलेला राहायचा.

*

खात्यात मात्र त्याचं बरं चाललं होतं, आणि त्याचं कारण हा छंदच होता. विजेच्या उंच लाइनवरूनच सबस्टेशन-सबस्टेशनमधलं बोलणंही पाठवायचं, असे नवे सेट अमरावतीला आले होते, आणि ते नीट चालवणं कोणाला जमत नव्हतं. टेलिफोन उचलला की नुसती घरघर. देवमननं पेटी उघडली आणि त्याला ती आपल्याच सेटची थोरली बहीण वाटली. आठवड्यात बोलणं साफ झालं. पंचविशीतल्या माणसाकडे सगळ्या दळणवळणाचा कारभार आला, म्हणून काहींच्या पोटात दुखलं आणि काही खूश झाले. खूश होणाऱ्यांत लाइनमन नत्थुजी होता.

नत्थुजी मोर्शीकडचा, घरची जमीन भावाकडे सोडून खांबावर चढायला आलेला. "भाऊ काळ्या मातीत, मी निळ्या आभाळात," असं म्हणायचा. देवमनच्या क्वार्टरवरची एरियल त्यानंच बांधली होती. वर चढून खाली ओरडला होता, "साहेब, इतक्या वर तार बांधून बोलता कोनाशी? इंद्राशी? त्याले म्हना, नत्थुजीले परमनंट करा!"

एकसष्टच्या फेब्रुवारीत गारपीट झाली. लिंबाएवढ्या गारा, आणि वारा असा की बडनेरा आणि मूर्तिजापूरच्या मधे मोठ्या लाइनीचे चार खांब वाकले आणि चिनी मातीचे इन्सुलेटर फुटून शेतात विखुरले. लाइनवर माणसं चढवायची तर दोन्ही टोकांकडून आधी वीज बंद करून घ्यावी लागते. त्याला लाइन क्लिअर म्हणतात. अकोल्याचा टेलिफोन मरण्याआधी लाइन क्लिअर मिळालं, पण मुदतीचं. महादेवरावांनी स्वतः सांगितलं, "गिरण्या थांबल्यात. सकाळी आठला लाइन भरतो. तोवर आटपा." लाइन भरणं म्हणजे तिच्यात पुन्हा वीज सोडणं; मुदतीचं लाइन क्लिअर द्यायचं नसतं. दिलं.

मग टेलिफोन गेला. तार गेली. लाइनच तुटलेली, म्हणून लाइनीवरून बोलणारे सेटही मुके.

सकाळी नत्थुजीच्या टोळीतला एक माणूस सायकल मारत आला. कामाला दुपार होईल, अकोल्याला कळवा. देवमननं एकेक करून सगळं पाहिलं. टेलिफोन मेलेला. तारबाबूनं हात वर केले. आठला अजून अवकाश होता, पण जीपनं अकोला गाठण्याइतका नव्हता; फांद्या पडलेल्या रस्त्यानं टोळीपर्यंतही वेळेत पोहोचणं अवघड होतं.

एकच तार तुटलेली नव्हती. ती मुळात नव्हतीच.

तो क्वार्टरवर धावला, सेट सुरू केला, वाल्व तापायची वाट पाहिली. डायल फिरवायची गरजच नव्हती. हात आपोआप त्या जागी गेला. लांबट डॅश सिलोनशी बोलत होता. तिकडे हवामान कसं आहे, इकडे काल फार गारा पडल्या. देवमन दात दाबून थांबला. सिलोनवाल्याचं बोलणं संपलं, मधे एक श्वासाचं अंतर पडलं, आणि त्यानं हाक घातली. महादेवरावांचं आकाशातलं नाव तीनदा, मागून आपलं. आणि ‘तातडीचं’.

उत्तर आलं.

डॅश, डिट, आणि तो लांबलेला डॅश. के. बोल.

देवमनला पुढं कितीतरी वर्षं तो ‘के’ ऐकू येत राहिला. तो माणसानं दिलेला नव्हता, हातानं दिलेला होता. वीस वर्षांची सवय, हाक आली की बोटं आधी ओ देतात, डोकं मागून येतं. पण त्या क्षणी त्याला एवढंच कळलं की दार उघडलं. त्यानं संदेश पाठवला, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून: माणसं लाइनवर आहेत. आठला लाइन भरू नका. माणसं लाइनवर आहेत. पुन्हा एकदा पाठवला. पुन्हा एकदा. शेवटी के.

पोच आली नाही.

त्यानं कानावर हेडफोन दाबून धरले. नुसता खर्रर्र. मग बँडवर बराच वर, अगदी बारीक, तोच हात सिलोनच्या माणसाला सांगत होता: माफ करा, मधे अडथळा आला होता. के.

अडथळा.

देवमन उठला तेव्हा खुर्ची मागे पडली. जीप त्यानं स्वतः चालवली. रस्त्यावर बाभळीच्या फांद्या, नाल्यात पाणी. सबंध वाटेत तो मोठमोठ्यानं त्या शिव्या देत होता ज्या आकाशात देता येत नाहीत.

तो पोहोचला तेव्हा नत्थुजी खांबाखाली कांबळ्यावर होता. खांबाला बांधायची साखळी, जी लाइन जमिनीला जोडून ठेवते आणि माणसाला वाचवते, ती एका खांबावरून काढून दुसऱ्यावर लावायची होती. काढलेली होती, लावलेली नव्हती. तेवढ्यात अकोल्यानं लाइन भरली होती. आठ वाजले होते.

नत्थुजी जगला. उजवा हात कोपराच्या वरून कापावा लागला.

*

चौकशी एप्रिलमध्ये अकोल्याच्या विश्रामगृहात झाली. मुंबईहून मोठे साहेब आले होते, पातळ ओठांचे, घड्याळाकडे बघत बोलणारे. आरोप साधा होता: लाइन क्लिअरची मुदत संपल्यावर लाइनमन नत्थुजी खांबावर राहिला, कारण इंजिनिअर वानखडे यांनी मुदत वाढवून घेतली नाही. म्हणजे नत्थुजीचा हात गेला तो नत्थुजीच्या चुकीनं. हे एकदा कागदावर आलं की त्याला खात्यात पुन्हा कोणी उभं करणार नव्हतं. तो बाहेर व्हरांड्यात बसला होता, रिकामी बाही खिशात खोचून. त्याची बायको सुभद्रा डोक्यावरचा पदर दातात धरून शेजारी.

"मी रेडिओवरून कळवलं होतं," देवमन म्हणाला.

"कोणाला?"

"यांना. ते सेटवर होते."

महादेवराव शांतपणे म्हणाले, "साहेब, तो माझा खाजगी छंद आहे. खात्याचा त्याच्याशी संबंध नाही. आणि त्या दिवशी सेट बंदच होता. गारपिटीत एरियल पडली होती."

"ऐकलंत?" मोठे साहेब देवमनला म्हणाले. "सेट बंद होता."

"चालू होता. मी त्यांचा हात ओळखतो."

"हात?" साहेब हसले. त्यांच्यासोबतचा कारकूनही हसला. "मिस्टर वानखडे, चौकशीत हात चालत नाही, पुरावा चालतो. बसा."

देवमन बसला. महादेवराव लाइन भरण्याचे नियम समजावून सांगू लागले. सफाईदार बोलत होते. किती गिरण्या, किती मजूर बसून, खात्याची किती बदनामी. गारपिटीबद्दल त्यांनी दुःखही व्यक्त केलं. नत्थुजीचं नाव त्यांनी घेतलं नाही, ‘संबंधित इसम’ म्हणाले.

देवमनच्या पुढ्यात एक पेन्सिल होती. ती त्यानं केव्हा उचलली हे त्याला कळलं नाही. टेबल सागवानी, उघडं. पेन्सिलीचं मागचं टोक त्यावर छान वाजत होतं. डिटला ठोका. डॅशला ठोकून ओढायची. थाळीवरच्या चमच्यासारखी.

टर्रर्र. टर्रर्र. टक.

माणसं लाइनवर आहेत.

खोलीत कोणाचं लक्ष गेलं नाही. चाळा करणारी माणसं सगळ्याच बैठकांत असतात. महादेवरावांचं मात्र वाक्य मधेच अडखळलं. ते पुढं बोलू लागले.

माणसं लाइनवर आहेत. आठला लाइन भरू नका.

ज्याला मोर्स येतं त्याला ते न ऐकणं जमत नाही. कानावर पडलेलं मराठी जसं ‘मला कळलं नाही’ म्हणून परत करता येत नाही, तसंच. महादेवराव आवाज चढवून बोलू लागले, पण ठोके त्यांच्या शब्दांच्या मधल्या फटींतून आत येत होते. त्यांच्या कपाळावर घाम आला. नजर पेन्सिलीवर गेली, तिथून उडाली, पुन्हा तिथंच आली. देवमन त्यांच्याकडे बघत होता. चेहऱ्यावर काही नव्हतं. सगळा राग मनगटात उतरला होता, आणि मनगट एकदम सैल, अचूक, सारख्या लयीत चाललं होतं. असा हात त्याचा आयुष्यात कधी पडला नव्हता.

माणसं लाइनवर आहेत. माणसं लाइनवर आहेत. माणसं.

"बंद करा ते!" महादेवराव ओरडले.

कारकुनाची दौत कलंडता कलंडता राहिली.

"काय बंद करा?" मोठे साहेब म्हणाले.

"हा माणूस, हा तेच तेच... साहेब, मी सांगतो, मी हे ऐकलंच नाही! यानं हाक मारली एवढंच ऐकलं. पुढचं एक अक्षर ऐकलं नाही. मी तेव्हाच डायल फिरवली होती!"

पेन्सिल थांबली.

बाहेर व्हरांड्यात नत्थुजी खोकला, तेही आत ऐकू आलं.

मोठ्या साहेबांनी चष्मा काढला. त्यांना मोर्स येत नव्हतं, पण मराठी येत होतं. "सेट बंद होता म्हणालात ना तुम्ही?"

 महादेवरावांची बोटं टेबलावर पडली होती, अगदी स्थिर.

"यांची हाक ऐकली," साहेब सावकाश म्हणाले. "आणि डायल फिरवली. का?"

या प्रश्नाचं उत्तर खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कारकुनालासुद्धा. म्हणूनच ते कोणी दिलं नाही. साहेबांनीही दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्यांनी चष्मा घातला आणि घड्याळाकडे पाहिलं, आणि देवमनला तेव्हा त्यांचाही राग आला.

*

निकाल आला. लाइनमनचा दोष नाही. इंजिनिअर वानखडे यांचा दोष नाही. ‘दळणवळणातील त्रुटी’मुळे अपघात झाला. महादेवरावांना ताकीद मिळाली. ते अकोल्यातच राहिले, त्याच खुर्चीवर.

"त्रुटी म्हंजे काय असते, साहेब?" नत्थुजीनं विचारलं.

"उणीव."

"अस्सं. मले वाटलं त्याईचं आडनाव असन."

देवमनला हसू आलं नाही. त्रुटी म्हणता ना, मग ती भरून काढतो, असं त्यानं ठरवलं आणि त्या शब्दाला धरून बसला. लष्करी भंगारातले सेट मागवले, आपल्या हातानं पुन्हा बांधले. एक जीपमध्ये, एकेक प्रत्येक सबस्टेशनवर. परतवाड्यापासून अकोल्यापर्यंत लाइनवरची टोळी आता तोंडानं बोलू शकत होती. वरचे लोक म्हणाले, वानखड्यांनी आपला छंद खात्याच्या माथी मारला. तो म्हणाला, हो. पुढे मुंबईच्या परिषदेत त्याला यावर बोलायला बोलावलं, बढती मिळाली, दुसऱ्या जिल्ह्यांनी तीच पद्धत उचलली. त्याच्या नोकरीतलं सगळ्यांत मोठं काम तेच ठरलं, आणि ते त्यानं रागाच्या भरात केलं होतं. तो राग तीन वर्षं टिकला. सेटांपेक्षा जास्त मेहनत त्यानं त्याबरोबरच्या नियमावर घेतली होती. नियम असा: नुसतं ‘ऐकलं’, ‘समजलं’, ‘ठीक आहे’ चालणार नाही. ऐकणाऱ्यानं पूर्ण संदेश उलट म्हणून दाखवायचा. कोणी सांगितलं, त्याचं पूर्ण नाव. काय सांगितलं. आणि मग स्वतःचं नाव. यातलं काही राहिलं तर संदेश पोचला असं धरायचं नाही, आणि माणूस खांबावर चढणार नाही. मोठ्या साहेबांनी नियमाचा मसुदा वाचून त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि सही केली.

अमरावतीचा सेट नत्थुजी सांभाळायचा. बोलायला एक हात पुरतो.

चौसष्टच्या थंडीत अमरावती सबस्टेशनच्या बाहेरच अकोल्याच्या लाइनीचे इन्सुलेटर बदलायचे होते. देवमन सेटजवळ उभा होता. नत्थुजीनं अकोल्याला हाक दिली. तिकडचा ऑपरेटर रजेवर होता. कर्रकर्र झालं आणि एक सफाईदार आवाज आला. "अकोला. बोला."

नत्थुजीनं डाव्या हातानं माइक देवमनपुढे धरला. 

"अमरावतीहून देवमन डोमाजी वानखडे," देवमन म्हणाला. "माणसं लाइनवर चढतायत. मी परत कळवेपर्यंत लाइन भरायची नाही. के."

बोलण्याच्या सेटवर ‘के’ म्हणायची काही गरज नव्हती.

तिकडून खरखर आली. मग, "समजलं."

"उलट म्हणा."

"माणसं लाइनवर चढतायत. परत कळवेपर्यंत लाइन भरायची नाही. महादेव—"

"नाव राहिलं."

खरखर.

"माणसं लाइनवर आहेत हे अमरावतीनं कळवलं, असं—"

"अमरावती गाव आहे. गाव कळवत नाही. नाव राहिलं."

नत्थुजीनं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. जीपजवळ टोळी पट्टे आवळून उभी होती आणि एकही जण पुढं सरकत नव्हता, कारण नियम सगळ्यांना पाठ होता. सकाळची गार हवा, वरती एरियलच्या तारेवर दोन चिमण्या. देवमन वाट बघत होता. त्याला घाई नव्हती. पाच वर्षं झाली होती त्या फडक्याला.

"देवमन," आवाज म्हणाला, आणि थांबला. मग एकदम, एका दमात, "देवमन डोमाजी वानखडे यांनी कळवलं, माणसं लाइनवर चढतायत, ते परत कळवेपर्यंत लाइन भरायची नाही. ऐकणारा महादेव, अकोला."

आकाशात बोलणं संपलं की समोरच्याला शुभेच्छा द्यायची रीत आहे. देवमननं ती वीस देशांतल्या माणसांना दिली होती. त्यानं माइकची कळ सोडून दिली.

"साहेब," नत्थुजी हळूच म्हणाला, "अजून एकदा म्हनाले लावा ना. सांगा, आवाज खरखर येऊन राहिला."

"नाही, नत्थुजी," देवमन म्हणाला. "साफ ऐकू आलं. चढू दे त्यांना."